दादाराव साहेबाला ‘हो’ म्हणतात

सुचिता सुट्टीत सौंसरला आली, की दुसऱ्या दिवशी तिचं डोकं तापायला लागतं. कारण एकच, तिचे बाबा.

दादाराव गजभियेंनी नगरपालिकेत नळ सोडण्यात उमर घालवली आणि साहेबापुढं ‘हो’शिवाय दुसरा शब्द काढला नाही. समजलं तरी हो, नाही समजलं तरी हो. साहेबाला परत विचारणं म्हणजे आगाऊपणा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

खाण तशी माती. पोरगी पाणी शुद्ध करायचं शिकायला जर्मनीत गेली, तर ही खोड बापानं दिलेल्या लोणच्याबरोबर बॅगेत भरून घेऊन गेली! मास्तरीणबाई विचारायच्या, समजलं का? ही नंदीबैलासारखी मान हलवायची. असं करता करता सारा प्रयोग चुकला आणि अख्खं सत्र मातीत गेलं. बाई म्हणाल्या, ‘‘समजलं नव्हतं, तर बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्हाला वाईट वाटलं असतं.’’

‘‘मला कशाला वाईट वाटेल? नापास तू झालीस.’’

सुचिता त्या दिवशी खोलीत जाऊन खूप रडली. पण तिकडं जे काही शिकली, त्यात ‘समजलं नाही’ म्हणायला शिकली, हेच तिच्या सगळ्यात कामाचं.

आता दादारावांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. घरात दुसरं माणूस नाही, आई जाऊन चार वर्षं झाली. सुचिता परवा परत निघणार. सुई चुकली आणि हा माणूस घरात चक्कर येऊन पडला, तर बघणार कोण? या एका विचारानं तिची झोप उडालेली.

दवाखान्यात डॉक्टर भराभर सांगत होते. किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कुठं टोचायचं.

‘‘हो साहेब. हो साहेब.’’

सुचिता मुद्दाम गप्प बसली. बाहेर बाकावर आल्यावर तिनं विचारलं, ‘‘काय सांगतलं डॉक्टरनं?’’

‘‘तू होती न तठी.’’

आता काय करावं या माणसाचं! तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

‘‘बाबा, मी परवा जाऊन राहिली. मंग कोणाले इचारान?’’

‘‘तुले फोन लावीन.’’

‘‘अन् मी झोपली असन तं? जा, परत आत जा.’’

‘‘साहेब रागावन न.’’

‘‘रागावू द्या. माय होती तवा तिच्या भरवशावर, आता माह्या. मी नाही येत आत.’’

दादारावांनी तिच्याकडं पाहिलं. ती दुसरीकडं बघत बसली. शेवटी ते उठले, टोपी नीट केली आणि पडदा सारून आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, ‘‘साहेब, मले काही समजलं नाही.’’

‘‘मग मघाशी हो हो कशाला करत होते?’’

‘‘सवय हाये, साहेब.’’

डॉक्टर वैतागले खरे, पण पुन्हा सांगायला लागले. या वेळी सावकाश. मधेच दादारावांनी आपणहून विचारलं, ‘‘अन् एखांद्या दिवशी जेवलोच नाही तं?’’ सुचिताच्या जिवात जीव आला.

ते बाहेर आले तेव्हा घामानं चिंब झाले होते. बाकावर त्यांच्या घराशेजारचा गुणवंता आपल्या गोळ्या हातात धरून बसला होता. सगळं ऐकून तो सुचिताकडं सरकला. ‘‘बाई, माह्याबी गोळ्याचं इचारून दे न आत. मीबी हो म्हणूनच आलो.’’

ती उठणार, तोच दादाराव म्हणाले, ‘‘तिले नको सांगू, गुणवंता. ते परवा चालली. आपल्यालेच इचारा लागते. चाल, मी येतो संगं.’’

सुट्टीभर भांडून तिला हेच हवं होतं. ते मिळालं, आणि बाकावर एकटी बसल्या बसल्या तिला रडूच आलं.