धाकू घाड्याचे दोन अर्ज

धाकू घाडी बोलायला लागला की मरोळच्या त्या वस्तीतल्या बायका हंडे खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. गळाच तसा होता मेल्याचा. मालवणच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, आणि गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे. नारळ पुढ्यात ठेवून सगळ्या गावाचं मागणं देवाच्या कानावर घालायचं, आणि मागच्या मंडळींनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बाप गेल्यावर ते काम धाकूकडे आलं. मुंबईत ते देऊळ नव्हतं, ती मंडळी नव्हती. मग धाकू नळावर, चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गेटाबाहेर गाऱ्हाणं घालायचा. फरक एवढाच, की गावचं गाऱ्हाणं हात जोडून असायचं आणि मुंबईचं दात खाऊन.

दात खायला कारण होतं. बावीस वर्षं तो लालबागेत एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संप झाला, आणि संप संपला की नाही हे कोणी सांगितलंच नाही. गिरणी काही धाकूसाठी पुन्हा उघडली नाही. भावांनी चाळीतली खोली विकून वाटे केले. धाकू बायको सुगंधाला आणि दोन मुलींना घेऊन मरोळला आला. औद्योगिक वसाहतीच्या मागे, सांडपाण्याच्या मोठ्या मोरीच्या काठाला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. त्यातल्या एका टोकाच्या सात खोल्या त्याच्याच गाववाल्यांच्या. चुलतभाऊ लवूने आपल्या शेजारची आठवी मिळवून दिली. वसाहतीत डब्यांची झाकणं ठोकायच्या प्रेसवर काम मिळालं. तिसऱ्या महिन्यात प्रेसने त्याच्या करंगळीचं पेर खाल्लं. मालकाने पट्टी बांधून दिली आणि अर्ध्या दिवसाचा खाडा लावला.

आता एवढं झाल्यावर माणसाला कोणाची तरी मानगूट धरावीशी वाटते. प्रेसचा मालक गाडीतून यायचा, गाडीतून जायचा. गिरणीचा मालक तर धाकूने बावीस वर्षांत डोळ्यांनी बघितलेला नव्हता. हाताच्या अंतरावर होता तो एकच, मोरीकडचा बंगाली.

धाकूच्या एका अंगाला लवूची खोली, दुसऱ्या अंगाला ह्या बंगाल्याची. मध्ये एक पत्रा. बंगाली दिवसभर घरातच लाकडी चौकटीवर कापड ताणून जरीकाम करत वाकलेला असायचा. बायको, तीन पोरं. धाकू राहायला आला त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे होता. पण तीन वर्षं एकाच पत्र्याच्या दोन बाजूंना झोपूनही धाकूने त्याचं नाव विचारलं नव्हतं.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. पेपरात रोज आसाम. लवू टपरीवर मोठ्याने वाचायचा: सरहद्दीवरून माणसं आत येतात, आता एक तारीख धरणार, तारखेनंतर आलेल्याला हुडकून बाहेर घालवणार, कुंपण घालणार. टपरीवर दोन तट पडले. कोणी म्हणायचा, पोटासाठी आलेल्याला कसली सरहद्द, आणि नदीत कुंपण घालणार तरी कसं. कोणी म्हणायचा, पोट आपल्यालाही आहे, आधी इथल्याला काम द्या. दुसऱ्या तटाचा पुढारी अर्थातच धाकू.

“कुंपण थंय आसामात घालून काय उपयोग? हंय माझ्या पत्र्यापलीकडे बसलो हा तो. मोजणी करा. कोण खंयचो, कधी इलो, एकेकाक इचारा. लबाड आपसूक गावतलो.”

नळावरून एका बाईने मस्करीत ‘व्हय म्हाराजा’ केलं. सगळे हसले. धाकूला मात्र चेव चढला.

मॉनिका तेवढी हसली नाही. ही मरोळ गावठाणातली किरिस्तांव बाई, साठीची, डोक्यावर भाजीची पाटी. ही वस्ती ज्या जमिनीवर उभी होती तिथे तिच्या सासऱ्याचं भात पिकायचं. ती म्हणाली, “तू तरी कवा आयलास रं? तुजी गिरनी बुडाली तवा. आमाला तुमी सगले भायरचेच.”

हे धाकूच्या वर्मी लागलं. छाती पुढे काढून त्याने तिला ऐकवलं की त्याला असलं-तसलं समजू नकोस, त्याचं घर गावाला आहे, सात पिढ्यांचं, नळ्याचं कौलारू, अंगण-माड सगळं आहे. इथे तो राहत नाही, इथे नुसती खोली आहे. मॉनिकाने पाटी सावरली आणि गेली.

त्या आठवड्यात अर्ज लिहिला गेला. चौथी शिकलेल्या धाकूचं अक्षर ठसठशीत. ‘मोरीलगतचा बंगाली व त्याचे कुटुंब हे सरहद्दीपलीकडून बेकायदेशीर आले आहेत अशी आमची खात्री आहे. तरी वस्तीची मोजणी करून अशांना हुसकावे.’ खात्री कशावरून म्हणाल तर त्याच्या बोलीवरून, आणि मोहरीच्या तेलात शिजणाऱ्या मासळीच्या वासावरून. आठही गाववाल्यांनी सह्या केल्या. पहिली धाकूची. झोपड्यांचा कारभार बघणारं एक ऑफिस अंधेरीत होतं, तिथे जाऊन त्याने अर्ज दिला आणि परत येताना सगळ्यांना चहा पाजला.

मार्गशीर्षात गावाहून पत्र आलं, देवाने गावपळणीचा कौल दिला. हा त्यांच्या गावचा जुना रिवाज. तीन-चार वर्षांनी एकदा देव हुकूम करतो, आणि अख्खं गाव, म्हातारीकोतारी, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा, वेशीबाहेर पडतं. तीन रात्री गावात माणूस म्हणून राहायचा नाही. शेजारच्या गावाच्या कुणग्यात, भातशेतात, झावळ्यांच्या खोपी घालायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. मग देवाला पुन्हा विचारायचं आणि परतायचं. चुकवायची कोणाची छाती नाही, आणि धाकूला तर गाऱ्हाणं घालायचं होतं. आठही खोल्यांना कुलपं लागली. मंडळी एसटीने गेली.

ती परत आली तेव्हा वस्तीची मोजणी होऊन गेली होती.

धाकूने मागितलेली मोजणी. झकास झाली होती. मोरीकडच्या बंगाल्याच्या दारावर हिरव्या रंगात नंबर होता. त्याच्याही पलीकडच्या भय्याच्या, मद्राशाच्या दारावर नंबर. आणि आठ मालवण्यांच्या दारांवर आठ फुल्या. रस्ता रुंद करायचा होता. नंबरवाल्यांना झोपडीचा पास आणि दुसरीकडे जागा; फुलीवाल्यांना काही नाही, खोल्या महिन्याभरात तोडणार.

धाकू तसाच अंधेरीला गेला. टेबलामागच्या कारकुनाने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं: ‘खोली बंद. घर गावी आहे. येथे कायम राहत नाहीत.’

“ह्यां कोणी सांगल्यान?” धाकू ओरडला.

“शेजारी चौकशी केली. एक भाजीवाली होती. ती म्हणाली, तो स्वतःच सांगतो.”

धाकूने तोंड सोडलं. ते अख्ख्या ऑफिसने ऐकलं. गावपळण म्हणजे काय, देवाचा हुकूम म्हणजे काय, हे त्याने टेबल बडवून सांगितलं. कारकून पान चघळत होता. त्याने विचारलं, देवाचं पत्र आहे का. ज्याला जायला गाव आहे तो गावाला गेला, ज्याला नाही तो इथे सापडला; त्याने सापडला तो लिहिला. मग जरा मवाळ होऊन त्याने वाट सांगितली. लगतच्या, मोजणीत नाव असलेल्या शेजाऱ्याने लिहून दिलं तर फुली पुसता येईल. एका बाजूला लवू, तो फुलीवालाच. दुसऱ्या बाजूला… त्याचं बोट खाली सरकलं. “मोतलेब शेख.”

हे नाव धाकूने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“पण त्याची साक्ष चालायची नाही,” कारकून म्हणाला. “त्याच्यावर चौकशी लागलीय. कोणीतरी अर्ज दिलाय.” त्याने फायलीतला कागद वर काढला, खालची पहिली सही वाचली, आणि धाकूकडे बघत राहिला.

घरी येऊन धाकू आधी मॉनिकाच्या दारात जाऊन भांडला. ती म्हणाली, तूच सांगितलेलं सांगितलं, खोटं बोलू काय तुझ्यासाठी? मग तो घरात भांडला. सुगंधा नवऱ्यापुढे कधी आवाज चढवणारी नव्हती. त्या दिवशी भाकरी तव्यावर करपू देऊन ती उठली.

“तीन राती आमी परक्याच्या कुणग्यात रवलंव. तेंनी पाणी दिल्यानी, लाकडां दिल्यानी. कागद मागल्यानी कोणी? आणि तुमी भिंतीपलीकडच्या माणसाक नाव पण कधी इचारूक नाय. आता माझ्या चेडवांक घेऊन खंय जातलास सांगा.”

रविवारी धाकू मोतलेबच्या दारात उभा राहिला. मागायला नव्हे, भांडायलाच. मागायची त्याला सवय नव्हती. म्हणाला, माका सही होयी. मोतलेबने सुई कापडात खोचून ठेवली. त्याची बायको पोरांना घेऊन आत सरकली.

“धाकूभाय,” मोतलेब म्हणाला, “पुलिस दो बार आया. गाँव से आया मेरे साले का चिट्ठी भी ले गया. मैं मालदा का है, मालदा हिंदुस्थान में है, बोल-बोल के मेरा मुँह दुखा. तुमको अंगूठा चाहिए? दस उंगली देगा. पर अभी मेरा अंगूठा चलता नहीं. वो तुमने बंद किया.”

शिवी दिली असती तर धाकूने दुप्पट परत केली असती. शिवी आली नाही. ह्या माणसाला आपलं नाव माहीत आहे, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं, आणि त्याने तो जास्तच पेटला. स्वतःवर, मोतलेबवर, कारकुनाच्या पानावर, कोणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी तो पुन्हा अंधेरीला गेला. कारकुनाने सांगितलं, दिलेला अर्ज मागे घेता येत नाही. पहिला अर्ज खोटा होता असा दुसरा अर्ज दे. मात्र खोट्या अर्जाबद्दल तुझ्यावरच केस होऊ शकते, ती तयारी ठेव.

आठ गाववाल्यांची बैठक बसली. सात जण मागे सरले. खोली सगळ्यांना हवी होती, सही कोणाला नको होती. लवू म्हणाला, “अरे, पण तो खरोच थंयचो असलो तर?”

“असात. माका म्हायत नाय,” धाकू म्हणाला. “म्हायत नसताना लिवलंय, तांच खोटां.”

दुसरा अर्ज त्याने एकट्याने लिहिला. पेन एवढं दाबून, की दोन ठिकाणी कागद फाटला. ‘मोतलेब शेख कुठला हे मला माहीत नाही. मी विचारले नव्हते. मी राहायला आलो तेव्हा तो येथे होता. पहिला अर्ज मी न विचारता लिहिला, सबब तो खोटा धरावा. इतरांनी माझ्या सांगण्यावरून सह्या केल्या.’ कारकुनाने वाचून कपाळाला आठ्या घातल्या, पण शिक्का मारला. मोतलेबचा अंगठा घेतला गेला. धाकूच्या दारावरची फुली पुसून नंबर पडला. मग नंबरवाला झालेला धाकू लवूसाठी साक्षीला, लवू त्याच्या पलीकडच्यासाठी. पंधरा दिवसांत आठही खोल्या कागदावर आल्या. लोकांनी धाकूला हार घालायचा घाट घातला, त्याने तो हार मोरीत फेकला.

कारण पहिला अर्ज खोटा धरला गेला, तरी दुसरा कागद पोलिसांकडे पोचायला वेळ लागत होता. पोलीस तिसऱ्यांदा आले ते पोचायच्या आधीच. मोतलेबला जीपमध्ये घातलं, संध्याकाळी सोडलं. चार दिवसांनी सुगंधा पलीकडे मीठ द्यायला गेली तर खोली रिकामी. चौकट नाही, पोरं नाहीत, चूलसुद्धा उपटून नेलेली. कुठे गेले, कोणाला पत्ता नाही. आठवड्याने ऑफिसचा माणूस फेरतपासणीला आला, दार उघडं बघितलं आणि हिरव्या नंबरावर फुली मारून गेला.

धाकू अर्धी पाळी टाकून अंधेरीला धावला. म्हणाला, लगतचा शेजारी मी, माझं नाव मोजणीत आहे, मी लिहून देतो, तो नंबर पुसू नका.

“माणूसच नाही तिथे,” कारकून म्हणाला. “लिहून कोणासाठी देतोस?”

“माझ्या कागदान पळालो तो. तो नाय गावत तर माका धरा. केस करा माझ्यावर, तुमीच बोललेलास.”

“तुझं काम झालंय ना? पास मिळाला ना? मग घरी जा.”

धाकू हलला नाही. मोठ्याने बोलला नाही, टेबल बडवलं नाही. पाच वाजता शिपायाने टेबलांवर खुर्च्या उलट्या घालायला घेतल्या तरी तो उभाच होता. शिपायाने दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात खाडा करून तो परत त्याच टेबलापुढे जाऊन उभा राहिला.