रखमाजीआप्पांचा चौथा नियम

शाळा सकाळची होती. तिसरीच्या मुलांना मी फळ्यावर गणितं घालून देत होतो, तेवढ्यात मोशीकडून आलेली एक बैलगाडी शाळेच्या दारात थांबली आणि गाडीवान खाली न उतरताच म्हणाला, "गुर्जी, रखमाजीआप्पा गेलं." मी फळ्याकडे तोंड करून होतो, तसाच राहिलो. "कुठं?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. "चऱ्होलीच्या शिवारात. रोजानं कांदा काढाया गेलं हुतं. पानी प्यायाला बांधावर बसलं… ते उठलंच न्हाईत." पाच-सहा गावांच्या शेतकऱ्यांचं मंडळ ज्यांनी उभं केलं, ते आप्पा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करता करता गेले. याला आता दीड महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की प्रत्येक वेळी मी मंडळाच्या नियमांच्या वहीपाशी येऊन अडतो, कारण ती वही माझ्या अक्षरात आहे.

या गावी माझी बदली झाली तेव्हा आप्पा पन्नाशीला आले होते. दिघीच्या माळाला लागून त्यांची साडेचार एकर जमीन आणि भावाबरोबर स्वतः खणलेली विहीर. अंगानं सडपातळ. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून कुणी बोलू लागलं की उजवा कान पुढं करायचे आणि बोलणाऱ्याला वाटायचं, हा माणूस आपलं म्हणणं फार मनावर घेतो आहे. खरंच घ्यायचे. त्या काळी चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव रुमालाखाली ठरे. व्यापारी आणि पेढीवाला अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत, आणि ज्याचा कांदा त्याला आपला भाव सगळ्यांत शेवटी कळे. वजनाचा काटाही त्यांचाच. आप्पा दोन उन्हाळे गावोगाव हिंडले, लोकांच्या ओसरीवर बसले, आणि शेतकऱ्यांचं शेतकी मंडळ उभं राहिलं. पत्र्याची एक शेड, स्वतःचा काटा, आणि उघड्यावर सर्वांना ऐकू येईल असा लिलाव. मला लिहितावाचता येतं म्हणून चिटणीस केलं. मत देण्याचा अधिकार चिटणिसाला नव्हता, आणि तो असावा असं मलाही कधी वाटलं नाही.

नियम आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून केले. पहिले तीन नाव, हद्द आणि काम यांचे. चौथा सभासदत्वाचा. मी लिहिलं होतं, ‘ज्याच्या नावावर शेतजमीन आहे किंवा जो स्वतः जमीन कसतो, तो मंडळाचा सभासद होऊ शकेल व त्यास मताचा अधिकार राहील.’ आप्पांनी कान पुढं केला. "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. "किंवा नगं, गुर्जी. आणि घाला. नावावर जमीन हाय आणि सोता कसतो. न्हाईतर उद्या पेढीवालं कुनाचं तरी रान घेत्याल आन् आपल्यातच येऊन बसत्याल." सगळ्यांना पटलं. मी ‘किंवा’वर काट मारली आणि वर ‘आणि’ लिहिलं. पायरीवर भिवा बसला होता. तळेगावच्या एका जमीनदाराचं रान तो बापापासून अर्धेलीनं, निम्मं पीक मालकाला देऊन, कसत आला होता आणि त्याचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "आप्पा, मग माझं कसं?" आप्पांना ते ऐकू आलं नसेल असं समजायला मला आवडलं असतं. पण ते ऐकू आलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या नावावर रान न्हाई, भिवा. एकाला सूट दिली तर समद्यांना द्यावी लागंल. तुझा कांदा आपन तोलूच की." भिवा मान हलवून उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. त्याच्यासारखे आणखी किती असतील, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

सात वर्षं मंडळ चांगलं चाललं. मग लष्करासाठी माळालगतची जमीन सरकारनं घ्यायचं ठरवलं आणि त्यात आप्पांची साडेचार एकर विहिरीसकट गेली. मोबदल्याचा कागद कचेरीतून कचेरीत फिरत राहिला. आप्पा त्याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "विहीर बुजवत्यात का ठिवत्यात, एवढं कुनी सांगंना." पुढच्या वर्षी मंडळाच्या पंचांची निवडणूक आली आणि मतदारांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या नावाशी थांबलो होतो. जुन्या यादीवरून ते तसंच उतरवलं असतं तर कुणी हरकत घेतली असती की नाही, कोण जाणे… पण आप्पा स्वतःच शाळेत आले. "गुर्जी, माझं नाव काढलं का?" मी म्हणालो, "आप्पा, मंडळ तुमचं आहे. राहू द्या." ते बाकावर बसले. मग म्हणाले, "भिवाला मी काय सांगितलं हुतं?" मी त्यांच्या देखत तांबड्या शाईनं नावावर रेघ ओढली. ते रेघेकडे बघत होते. माझ्याकडे नाही.

पेढीवाले मात्र गप्प बसले नव्हते. त्यांच्यातल्या काहींनी आसपासची रानं नावावर करून घेतली होतीच. आता पीकपाहणीच्या कागदात ‘स्वतः कसतात’ असंही चढवून घेतलं. ज्यांनी उभ्या जन्मात नांगर धरला नव्हता ते चौथ्या नियमात चोख बसले. मी आप्पांना हे सांगायला गेलो, तेव्हा त्यांचा पुतण्या घरीच होता. तो म्हणाला, "काका, मी पाच गुंठं तुमच्या नावावर करतो. कागदापुरतं. निवडणूक झाली की बगू." मीही आग्रह केला. दुसऱ्या दिवशी आप्पा पुतण्याबरोबर चावडीपर्यंत गेले आणि दारातूनच परत फिरले, असं पुतण्यानं मला सांगितलं. पुढं कधीतरी आप्पा म्हणाले, "तलाठ्याच्या म्होरं बाकड्यावर पेढीवाल्याचा मानूस बसला हुता. त्याच्याच कामाला आला हुता. मी बी त्याच रांगंत उभा ऱ्हायचं का?"

मतदान शेडमध्ये झालं. आत दोन डबे, दारात मी यादी घेऊन. आप्पा बाहेर, सोडलेल्या गाड्यांच्या सावलीत बसले होते. जवळच भिवा आणि त्याच्यासारखे काहीजण. सभासद आत जाताना आप्पांना रामराम करत होते आणि तेही प्रत्येकाला हात जोडत होते. मोजणी झाली तेव्हा आमचे पंच पडले. फार नाही, थोडक्या मतांनी. मी बाहेर येऊन आकडा सांगितला. आप्पांनी तो दोनदा विचारला, कानामुळे असेल. मग त्यांनी सभोवार बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि बोटांवर एकेक नाव घ्यायला लागले, भिवा, भिवाचा भाऊ, मोशीचे दोघे, लष्कराच्या हद्दीत जमीन गेलेले पाच… हाताची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ते थांबले. "हे समदे कसत्यात, गुर्जी. आन् ह्यांना भायेर मी ठिवलं." भिवानं त्यांच्या खांद्यावर पडलेलं गवत झटकलं.

नव्या पंचांनी काटा ठेवला, शेडही ठेवली. दोन-तीन महिन्यांत लिलाव मात्र उघड्यावर होईना. शेडच्या एका कोपऱ्यात, मंडळाच्याच छपराखाली, पुन्हा रुमाल दिसायला लागला. आप्पांनी तो पाहिला तो कांद्याच्या गोण्या उतरवताना. तोवर ते भिवाबरोबर मजुरीला जाऊ लागले होते. मी एकदा रस्त्यात अडवून म्हटलं, "आप्पा, या वयात हे झेपायचं नाही." ते हसले. "सोता कसायचं एवढं ऱ्हायलंय. ते तरी सोडा म्हनू नगा." त्या हसण्यानं मला बरं वाटलं नाही. त्यांचे गुडघे सुजलेले असायचे, छातीत कळ येते म्हणून ते चालता चालता उभे राहायचे, आणि पुण्याच्या दवाखान्यात चला म्हटलं की ‘कांदा निघू द्या’ म्हणायचे. कांदा निघायच्या आतच ते गेले. शेवटी जवळ भिवा होता. त्यानं मला सांगितलं की आप्पा काही बोलले नाहीत; पाण्याचं गाडगं त्यांच्या हातातून हळूच खाली ठेवल्यासारखं सुटलं, फुटलंही नाही.

त्यांच्या माघारी मंडळाची पहिली सभा भरली तेव्हा एका म्हाताऱ्या सभासदानं उठून दुखवट्याचा ठराव मांडला. नवे अध्यक्ष सभ्य माणूस आहेत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "वाईट झालं. पण दुखवटा सभासदांपुरताच असतो. ते सभासद नव्हते. चिटणीस, काय म्हणतो नियम?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वही उघडली नाही, पण तोंडही उघडलं नाही. ठराव वगळला गेला. इतिवृत्तात मीच तसं लिहिलं.

त्यानंतर मी आप्पांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, चंद्रभागावहिनी, चुलीपुढून उठल्या, हात पुसले आणि फडताळातून चौपदरी घडीचा एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "तुमच्यासाठी ठिवला हुता त्यांनी. कांदा निघाला की गुर्जीकडं जायाचं, म्हनायचे." मी घडी उलगडली. वरचा सगळा कागद कोरा होता आणि खाली दोन रांगांत अंगठेच अंगठे. वहिनी एकेका अंगठ्यावर बोट ठेवून नावं सांगू लागल्या. आप्पांनी त्यांच्याकडून ती पाठ करून घेतली होती. "वरती तुमी लिवायचं," त्या म्हणाल्या. "जो कसतो त्याला मत असावं, असं कायतरी. शब्द तुमास्नी ठावं असत्याल म्हनले." मी शेवटच्या अंगठ्याशी थांबलो. "आणि हा?" "ह्यांचाच की." मी चमकलो. आप्पांना सही येत होती. मंडळाच्या कितीतरी कागदांवर ती आहे, मोठी, जरा डावीकडे कललेली. वहिनींनी माझ्या मनातलं ओळखलं. "मी बी तेच इचारलं, सही का न्हाई केली. तर म्हनले, समद्यांचं अंगठं आन् माजी येकट्याचीच सही, बरं दिसंल का?"

तो अर्ज मी लिहिला. सभासदाची शिफारस नाही म्हणून मंडळानं तो दाखल करून घेतला नाही, आणि शिफारस करायला अजून कुणी पुढं आलेलं नाही. कागद माझ्या घरी आहे. परवा भिवा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "गुर्जी, आप्पांच्या कागदाचं काय झालं?" मी म्हणालो, अजून काही नाही. "बरं," तो म्हणाला, आणि उन्हात चऱ्होलीच्या वाटेला लागला.