परत आलेला विळा

लोहार योकिमासच्या भट्टीतून गेलेला विळा दुरुस्तीला परत येत नसे. हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक आहे, हे त्याच्या चालण्यावरून कळे.

१८३१ च्या वसंतात झारविरुद्ध बंड झालं, बंडखोरांची पायदळ पलटण उभी राहिली. बंदुका थोड्या, म्हणून योकिमासनं गवत कापायच्या लांब विळ्यांच्या माना, पातं दांड्याला जोडणारा वाकलेला भाग, तापवून पाती भाल्यासारखी सरळ केली. त्यातलाच एक विळा घेऊन शेजारचा बाल्त्रुस लढायला गेला. जुलैत पलटण मोडली. बाल्त्रुस परतला, विळा खांद्यावर घेऊनच.

"अरे शहाण्या, वाटेत टाकायचास ना!" योकिमास म्हणाला.

"बंदूक असती तर टाकली असती, दादा. विळा कसा टाकणार? गवत उभं आहे!"

झारचे कॉसॅक घोडेस्वार शेजारच्या गावात पोचले होते. सरळ पात्याचा विळा सापडला की माणूस सायबेरियात. मान तापवून परत वाकवावी, तर विस्तवाचा निळा डाग उठणार. घासावा, तर तेवढीच जागा चकाकणार. कालच अशा चकाकीवरून दोघांना नेलं होतं.

योकिमास बराच वेळ ऐरणीवर बसून राहिला. मग बायकोला म्हणाला, "बार्बोरा, गावातले सगळे विळे गोळा कर."

दुपारपर्यंत त्यानं एकतीस माना तापवल्या. बाल्त्रुसचा विळा मधेच कुठेतरी होता.

तिसऱ्या प्रहरी घोडेस्वार आले. अधिकाऱ्यानं विळे पाहिले, दुभाष्याला पुढे केलं.

"सगळ्यांवर ताजे डाग? का रे?"

योकिमासचा चेहरा भट्टीसमोर असल्यासारखा लाल झाला. "माझंच काम कच्चं निघालं, साहेब. पाती मानेत वाकायला लागली. सगळी परत मागवली."

बार्बोरा कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "हजारदा सांगितलं, पिऊन भट्टीशी बसू नका! आता घ्या, गावभर शोभा!"

योकिमास दारूला शिवत नसे. पण आधी गाव हसलं, मग दुभाष्या, मग अधिकारी. घोडे वळले.

ती गोष्ट घोड्यांच्या आधी पुढच्या गावात पोचली. बाहेरगावची गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्या लोहाराकडे वळली.

"खरं काय ते सांगून टाकतो मी," बाल्त्रुस एकदा कळवळून म्हणाला.

"आणि डोकं कुठे ठेवशील? गवत काप."

तीन वर्षांनी बाजारात एका परक्या शेतकऱ्यानं योकिमासपुढचा विळा उचलून बोटानं मान चाचपली. "तुमचे इथे वाकतात म्हणे?"

पलीकडे बाल्त्रुस गवताची गाडी लावत होता. त्याचे हात थांबले.

"एका साली वाकले होते," योकिमास म्हणाला, आणि विळा शेतकऱ्याच्या हातातून परत घेतला.