हिरव्या पडद्यापुढे हिरवी साडी

लिहिणाऱ्यांमध्ये मी बसत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि दुपारनंतर कृष्णपुऱ्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत कम्प्युटरवर बसतो. चूक माझ्या हातून झाली, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

स्क्रीनवर सुनंदाताईंचा फोटो होता आणि त्यात साडीच नव्हती. चेहरा होता, एक हात होता, आणि बाकी सगळीकडे गुलाबाचा बगीचा.

मालक राठौरजी मागे येऊन उभे राहिले. "अरे भिया, बहनजी कहाँ गईं? सिर्फ मुंडी रख ली तूने?"

ग्रीन स्क्रीन म्हणजे भिंतीवर ताणलेलं हिरवं कापड. माणसाला त्यापुढे बसवून फोटो काढायचा आणि कम्प्युटरला सांगायचं, जेवढं हिरवं असेल तेवढं काढून टाक. माणूस उरतो. मग मागे ताजमहाल लावा नाहीतर काश्मीर. पण कापड कुठलं आणि साडी कुठली, हे कम्प्युटरला कळत नाही. राठौरजींनी दारावर पाटी लावली होती, हिरवे कपडे घालून येऊ नये म्हणून. आता डोहाळेजेवणाला आमच्याकडे, मराठी घरांत, हिरवी साडी आणि हिरवा चुडाच असतो. राठौरजींना ते माहीत नव्हतं. मला होतं. सुनंदाताई जिना चढून आल्या तेव्हाच मी साडी पाहिली होती. सोबत त्यांच्या आई, मोरेकाकू. मोरेकाका आणि माझे वडील एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात होते. मोठ्यांना कसं सांगायचं म्हणून गप्प राहिलो.

काकूंनी मला बाजूला घेतलं होतं. "बेटा, मिल बंद झाली तसे जावई सुरतेला गेले, पॉवरलूमवर. चार महिने झाले, चिठ्ठी नाही, फोन नाही. पहिलं बाळंतपण आहे हिचं. फोटो पाहून तरी येतील. घरी काढला असता, पण एकच खोली, मागे स्टोव्ह दिसतो. तू छानसा बगीचा लाव."

"आई, बस ना आता," सुनंदाताई म्हणाल्या. "न येणारा माणूस बगीचा पाहून येणारे का?"

फोटो पुन्हा काढता येत नव्हता. ताई दमून घरी गेल्या होत्या, आणि गल्लीतले बनवारीजी संध्याकाळच्या बसने सुरतेला निघणार होते. ताईंच्या नवऱ्याचा, विलासरावांचा, पक्का पत्ता कोणाकडेच नव्हता. "ढूँढ के दे दूँगा," एवढं बनवारीजी म्हणाले होते.

"हाथ से काट," राठौरजी म्हणाले.

म्हणजे माऊसने साडीची कड एकेक टिंब देत आखायची, आणि आतलं हिरवं ठेव असं कम्प्युटरला सांगायचं. तीन तास लागले. साडी परत आली. डावा हात पदराखाली होता. उजव्या मनगटावर मात्र आडव्या फटी होत्या आणि फटींतून गुलाब दिसत होते. मला वाटलं, पडद्याचा हिरवा उजेड हातावर पडला असणार. तसं होतं कधीकधी, त्याला आम्ही स्पिल म्हणतो. बाजूच्या त्वचेचा रंग उचलून मी फटी भरून टाकल्या. मनगट स्वच्छ दिसू लागलं.

"हो गया क्या? बस निकल जाएगी!" बनवारीजी दारातून ओरडले. पाकीट घेऊन गेलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी काकू घरासाठी दुसरी कॉपी घ्यायला आल्या. फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग तो काउंटरवर पालथा ठेवला.

"हिचा चुडा कुठंय?"

तेव्हा मला कळलं, मी काय भरून टाकलं होतं ते. सवाशिणीचं मनगट आमच्यात एकदाच रिकामं होतं, नवरा गेल्यावर.

"हाच गेला त्यांच्याकडे?"

"हो, काकू."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "सुनंदाला काही बोलू नकोस," एवढंच म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरल्या. त्या रात्री बसून मी बांगड्या परत आणल्या, नवा प्रिंट काढला. पण पाठवणार कुठे? कॉलेजात आठवडाभर मन लागलं नाही. ताईंना मी वाटेतसुद्धा टाळत होतो.

राठौरजींनी आता निळं कापडही आणलंय. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, कार्यक्रम काय आहे, काय नेसणार. कम्प्युटरला फक्त रंग कळतो. बाकीचं कळावं म्हणूनच मला तिथे बसवलंय.

मग एका रविवारी आई नळावरून आली ती कळशी न ठेवताच बोलायला लागली. मोरेंचे जावई आले होते. खांद्यावर बॅग, हातात तो फोटो, आणि दारातूनच ओरडत होते, सगळी गल्ली जमली होती. "कोणी सांगितलं तुम्हाला मी मेलो म्हणून? जिंदा हूँ मैं!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! सुनंदा बाहेर आली, दोन्ही हात कमरेवर, चुडा कोपरापर्यंत. म्हणाली, 'जिवंत होतात तर चिठ्ठी कोणी लिहायची होती?'"