उपासाला चालणारं औषध

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. परळच्या एका इस्पितळात मी नर्सिंग शिकत होते. लालबागच्या चाळीतली एक म्हातारी न्युमोनिया होऊन माझ्या वॉर्डात आली. मोर्चातून पकडलेला तिचा मुलगा तुरुंगात होता आणि तो सुटेपर्यंत हिचा उपास. वरीचे तांदूळ, दूध, केळं चालायचं. गोळी मात्र चालायची नाही, कारण गोळीत पीठ असतं असं तिला कोणीतरी सांगितलेलं. आणि पंचाईत अशी, की ते खरंच होतं!

ताप उतरेना. श्वास घेताना बरगड्या वर यायच्या. आमच्या सिस्टर कावल्या. "कुटून दुधात घाल आणि पाज," म्हणाल्या. त्यांना बाई जगायला हवी होती, मलाही. मी पेला भरून नेला.

म्हातारीनं तो दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चेडवा, ह्यात काय घातलंस नाय मा?"

माझ्याच्यानं खोटं बोलवेना. पेला काढून घेतला, मोरीत ओतला आणि तणतणत डॉक्टरांकडे गेले.

"तोंडावाटे जमत नाही, तर दुसरी वाट नाही का?"

"आहे की," डॉक्टर म्हणाले. "पण पेनिसिलिनची सुई फार झोंबते. आणि तिच्या अंगावर मांस कुठे आहे?"

मी म्हातारीला सगळं सांगितलं. "सुई चलात," ती म्हणाली. "ती खय पोटात जाता?"

मग सकाळ-संध्याकाळ सुया उकळायच्या आणि कूस बदलून टोचायच्या. गाठी आल्या, त्या मी गरम फडक्यानं शेकायची. ती हूं की चूं करायची नाही, रडू मलाच यायचं. पण हळूहळू ताप उतरला.

एका दुपारी दाढी वाढलेला मुलगा तुरुंगातून सुटून थेट वॉर्डात आला. मी ट्रे घेऊन उभीच होते. सुई बघून तो कळवळला, "आये, खूप दुखला काय गो?"

तिनं त्याची पाठ, खांदे चाचपून पाहिले, पोलिसांच्या लाठीनं कुठे सुजलंय का म्हणून.

"दुखात कशाक? सुई टोचली की वाटायचा, तुझ्यावरचो एक दांडो माझ्यार इलो."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता गोळी दी गो बाय," आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.