टर्बोच्या तोंडावर चार माळा

आमच्याकडं खंडेनवमीला ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहिरीवरची मोटर, सगळ्यांना झेंडूची एकेक माळ पडते. माझ्या लाल टर्बो गाडीला आईनं चार घातल्या. पुढच्या जाळीवर आडव्या, सुतळीनं करकचून. मी म्हणालो, "आई, तिथनं रेडिएटरला हवा जाती." तर म्हणे, "दसरा झाल्याबिगर माळ काढायची न्हाई." सणासुदीला कोण तोंडाला लागणार! त्यात ती या गाडीत पहिल्यांदाच बसायला तयार झाली होती, तिच्या बहिणीकडं दौंडला जायला. माळा तशाच ठेवून मी गाडी काढली.

गाडी नव्वदच्या दशकातली, जपानी, दोन दारांची. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो घुमायला लागला की पाठ सीटला चिकटते आणि माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. हिचे पार्ट आता कुठंच मिळत नाहीत. तापून इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं की गाडी संपली.

वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत बरा होतो. पुढं रस्ता मोकळा दिसला आणि मला राहवेना. दाबली. थोड्या वेळानं बघतो तर तापमानाचा काटा लालजवळ! गाडी कडेला घेतली.

"बंद कर की मग," आई म्हणाली.

"नाही करता येत! इतकी पळवून लगेच बंद केली तर टर्बोतलं तेल जळतं." आणि चालू ठेवावी तर हेड जाणार. इंजिनची उष्णता आत ओढायला मी हीटर फुल्ल सोडला. ऑक्टोबरची भर दुपार, त्यात आईच्या तोंडावर भट्टी.

"आरं, येड लागलं का तुला?"

"तुझ्या माळांनी लागलंय!" मी अक्षरशः ओरडलो आणि खाली उतरलो. वाऱ्यानं फुलं जाळीला थापल्यासारखी चिकटली होती. सुतळीची गाठ नखांनी सुटेना. "चार कशाला घातल्यास? एकीनं भागत नव्हतं?"

आई उतरली, मला बाजूला सारलं. गाठ तिनंच मारलेली, दोन ओढींत सुटली. मी आत जाऊन काट्यावर डोळे लावून बसलो. काटा थांबला. मग सावकाश उतरायला लागला. निम्म्यावर आला तेव्हा मी इंजिन बंद केलं. हुश्श!

आई रस्त्याच्या कडेला माळा हातात घेऊन उभी होती. घामानं थबथबलेली.

"चार कशाला म्हणतोस? ट्रॅक्टर कुठं पळतंय? ही पळती," ती म्हणाली. "तू हिला घेऊन निघालास की परत येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. आज बसले ती किती पळती ते बघाया. बघितलं. आता माळंनं गाडी तापती म्हणतोस, तर न्हाई घालत. पर मग मी काय करायचं, ते तरी सांग."

तिनं माळा मागच्या सीटवर ठेवल्या आणि पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली.