मामाचं ब्रेक्झिटचं मत

आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

माझा मामा लंडनहून आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आलाय. दुपारी मित्र जेवायला होते आणि ब्रेक्झिटचा विषय निघाला. मामानं बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं. मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, "स्वतः आत शिरलास आणि मागच्यांसाठी दार लावून घेतलंस!" सगळे हसले.

मामा शांतपणे म्हणाला, "तुला ब्रिटननं दोनदा व्हिसा नाकारला होता रे. युरोपवाले मात्र बिनव्हिसा येत होते. वाटलं, ते थांबलं तर तुझा नंबर लागेल."

ते व्हिसाचं मी पार विसरून गेलो होतो.

आत्ता मामा सिंकपाशी आमचीच ताटं विसळतोय. कुठल्या तोंडानं त्याच्यासमोर जाऊ, सांगा यार?